ए, अॅन की द? : राज्यघटनेतून एक धडा

सारोळे, भोर, वेल्हे या भागातील आपली बहुतेक मुले मराठी माध्यमातून शिकतात. नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहिताना त्यांचा हात अडखळतो तो ए, अॅन आणि द या तीन चिमुकल्या उपपदांपाशी. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे. मराठीत अशी उपपदेच नाहीत.

सारोळ्याच्या फाट्यावर आपण नुसते ‘गाडी आली’ म्हणतो. कोणती गाडी, हे ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत ते सांगावे लागते. कोणतीही एक असेल तर ‘ए बस’. आपण वाट पाहत होतो तीच असेल तर ‘द बस’. म्हणून लिहिताना स्वतःला विचारावे : ‘कोणती?’ याचे उत्तर वाचणाऱ्याला ठाऊक आहे काय? असेल तर ‘द’, नसेल तर ‘ए’.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने तयार केलेल्या राज्यघटनेत याचा उत्तम नमुना आहे. कलम ५२ राष्ट्रपतिपद निर्माण करते, म्हणून तेथे ‘ए प्रेसिडेंट’. लगेच कलम ५३ त्याच पदाकडे कार्यकारी सत्ता सोपवते, म्हणून तेथे ‘द प्रेसिडेंट’.

कलम १ मध्ये भारताला ‘ए युनियन’ म्हटले आहे. ‘यू’ हा स्वर असूनही ‘अॅन’ का नाही? कारण अक्षर पाहायचे नसते, उच्चार ऐकायचा असतो. युनियनचा उच्चार ‘य’ने सुरू होतो. म्हणूनच ‘ए बी.ए.’, पण ‘अॅन एम.ए.’

ज्या वस्तू मोजता येत नाहीत त्यांना ‘ए’ लागत नाही. पाणी म्हणजे नुसते ‘वॉटर’. पण भोरहून वरंध घाट उतरून महाडला गेलो, की १९२७ साली ज्यासाठी सत्याग्रह झाला ते चवदार तळ्याचे पाणी ‘द वॉटर’ होते. कारण ते ठरावीक तळ्याचे.

आता कलम १७ उघडून पाहा. तेथे अस्पृश्यता नष्ट करताना त्या शब्दामागे एकही उपपद नाही. ‘द’ असते, तर ‘कोणती अस्पृश्यता?’ असा प्रश्न उरला असता. उपपद नाही, म्हणून ती कोठल्याही गावची असो, सगळीच त्यात आली.

विद्यार्थी मित्रांनो, घटनेचे इंग्रजी पुस्तक घरी आणा. रोज एक कलम वाचा आणि प्रत्येक उपपदापाशी थांबून विचारा, ‘कोणता?’ व्याकरणही येईल आणि आपले हक्कही कळतील.