जुन्या विमानाचे मोल

बैल विकत घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो. शिंगांच्या रंगावर भुलत नाही. खाजगी मालकीचे जुने विमान घेणाऱ्याने मग काय पाहावे? श्रोतेहो, त्याने पाहावीत ती विमानाची लॉगबुके. विमान आजवर किती तास उडाले, कोणता भाग केव्हा बदलला, कधी अपघात झाला काय, हे सारे त्यांत नोंदलेले असते. भाव ठरतो तो मुख्यतः या वह्यांवरून.

सेस्ना १७२ या चार आसनी विमानाचे उदाहरण घेऊ. अशा अनेक विमानांत लायकमिंग कंपनीचे इंजिन असते. ते सुमारे २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावे, असे कारखानदार सांगतो. इंजिन १,५०० तास चालले असेल, तर त्या मोठ्या दुरुस्तीच्या खर्चाचा तीन-चतुर्थांश वाटा किमतीतून वजा करणे न्याय्य होय. मात्र विमान फारसे उडालेच नाही, ही काही प्रशंसा नव्हे. बंद इंजिनाला आतून गंज चढतो.

भाव ठरला तरी व्यवहार पुरा होत नाही. दिल्लीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची कचेरी आहे. विमानांची नोंदणी तिच्या अखत्यारीत येते. मालक बदलला की तेथील नोंद बदलावी लागते. विमान कर्जापोटी तारण असेल, तर धनकोची संमती लागते. विमान परदेशी विकले, तर येथील नोंदणीच रद्द करून घ्यावी लागते.

विक्री रखडली म्हणजे काय होते, ते मुंबईत दिसले. विजय मल्ल्या यांचे एअरबस ए-३१९ विमान सेवाकराच्या थकबाकीपोटी जप्त झाले. २०१६ च्या लिलावात किमान किंमत १५२ कोटी रुपये होती. बोली आली अवघी १.०९ कोटींची! अखेर २०१८ मध्ये ते ३४.८ कोटींना एका अमेरिकन कंपनीकडे गेले. उभ्या विमानाचे जागाभाडे वाढत जाते आणि भाव मात्र उतरत जातो.

म्हणून विकणाऱ्याने भाव बेताचा सांगावा, विक्री वेळेवर करावी आणि लॉगबुकातील उणी बाजूही उघड दाखवावी. मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते; विमानाला आकाशात ती सोय नाही. तेथे खोट्या नोंदीची किंमत घेणाऱ्याला प्राणांनी मोजावी लागेल.