पत्र्याआडचा गंज

मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणारा मामूंचा छोटा ट्रक आता थकला होता. वर्षानुवर्षे बर्फाचे खारट पाणी हौद्यातून गळत आलेले, त्यात कोकणचा पाऊस. गेल्या रमजानमध्ये मामूंनी तो विकायला काढला. गिऱ्हाईक ठरले होते. बंदरावर पाट्या उचलणारा एक तरुण बायकोचे दागिने मोडून आयुष्यातली पहिली गाडी घेत होता.

“भोकांत पुट्टी भरा, वरून रंग मारा. ईदच्या आधी व्यवहार उरकू,” मामू गॅरेजमध्ये म्हणाले. मी सोबत होतो, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात काही गैर वाटले नाही.

रोज्याच्या दिवसांत उस्ताद फज्रची नमाज झाली की कामाला लागतात आणि वेल्डिंग जोहरच्या आत आटोपतात. ज्योतीसमोर बसायचे आणि पाण्याचा घोट नाही, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्यांनी केबिनमधली मॅट उचलली आणि पत्र्यावर हातोडी ठोकत नेली. कुठे ठणठणीत आवाज, कुठे नुसता भद्द. रंगाला फोड आले होते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आरपार गेला. भोक बोटभर, पण भोवतीचा वीतभर पत्रा पापडासारखा झालेला.

“मामू, गंज आतून येतो. बाहेर दिसतो तोवर आतले काम झालेले असते.”

दाराच्या तळाला पाणी जायला बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा मागच्या बाजूने खाल्ला जातो. अशा जागी पुट्टी भरली तर ती ओल धरून ठेवते. मग एखाद्या पावसाळ्यात पुट्टीसकट तुकडा गळून पडतो. इथे तर ड्रायव्हरच्या पायाखालचीच जागा होती.

मामू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कापा.”

आधी बॅटरीची वायर सोडली. चकाकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापला. पुठ्ठ्यावर माप घेऊन नवा तुकडा बेतला. त्याचे कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते. टाके एका ओळीत मारले नाहीत. एक इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. त्यावर ग्राइंडर, मग रेड ऑक्साईड. पुट्टी सगळ्यात शेवटी, कागदाइतकी पातळ.

पण हे सगळे दुसऱ्या दिवशीचे. पहिल्या दिवशी कापून झाल्यावर उस्ताद म्हणाले, “जोड लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एकदा बघू दे.”

मामूंचा चेहरा उतरला. बाजारात धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला आणि आत ओल लागली, ही गोष्ट मामूंनीच मला लहानपणी सांगितलेली. संध्याकाळी, इफ्तारच्या आधी, त्यांनी स्वतः फोन लावला.

तरुण आला. केबिनच्या तळातून खालची जमीन दिसत होती. तो वाकून पाहत राहिला. भाव उतरला, मामूंनी ताणले नाही. दुरुस्तीचा खर्चही त्यांनीच सोसला.

ईदच्या दोन दिवस आधी गाडी गेली. किल्लीबरोबर मामूंनी त्याच्या हातात एक जाड तार ठेवली. दाराखालची छिद्रे दर जुम्म्याला मोकळी करायला.