कुंडीतला वेल वाळला? फेकू नका, कंद जिवंत असू शकतो!

दिवाळीनंतर करटोलीचा वेल वाळतो, सुरणाचं पान पिवळं पडून मान टाकतं. झाड मेलं समजून अनेकजण कुंडी रिकामी करतात. पण मातीखालचा कंद अनेकदा जिवंत असतो.

असं का होतं?

बर्फाळ देशांत रुबार्ब, ॲस्परॅगससारख्या बहुवर्षायू भाज्या थंडीत जमिनीखाली झोपतात आणि वसंतात उगवतात. पनवेलमध्ये बर्फ नाही. इथला कठीण काळ म्हणजे पावसाळ्यानंतरचे सात-आठ कोरडे महिने. म्हणून करटोली, सुरण, शेवळं हे कंद तेव्हा झोपतात आणि मृगाच्या आसपास जागे होतात. पावसाच्या तोंडावर आदिवासी महिला बाजारात शेवळं घेऊन येतात, ती याच चक्रामुळे.

मग काय करायचं?

पानं पिवळी पडली की पाणी थांबवा, नाहीतर कंद सडेल. कुंडीवर नाव लिहून ती सावलीत ठेवा. मे संपताना पुन्हा पाणी सुरू करा. सुरण काढलात तर छोटा कंद पुढच्या वर्षासाठी राखा.

करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. फुलाखाली इवलंसं काटेरी फळ दिसलं तर तो मादी वेल. एकच वेल लावला तर फुलं येतील, फळं धरणार नाहीत.

वर्षभर काय मिळेल?

कढीपत्ता, मायाळू, तोंडली आणि ओलावा मिळाला तर अळू. तोंडली आणि मायाळू फाट्यापासून लागतात. शेवग्याला मोठा ड्रम द्या आणि शेंगा संपल्या की छाटणी करा.

ही काळजी घ्याच

अळू, सुरण आणि शेवळं यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणून या भाज्या नीट शिजवतात आणि त्यांत चिंच किंवा आमसूल घालतात. शेवळांत तर काकडाची आंबट फळं हवीतच. शोभेचं कॅलेडियम अळूसारखं दिसतं, पण ते खाण्याजोगं नाही. रानातली अनोळखी भाजी फक्त फोटो पाहून तोडू नका. ती ओळखणाऱ्या विक्रेत्या महिलांकडून घ्या आणि शिजवायची कशी, हेही त्यांनाच विचारा.