तांबट ते अंतराळवीर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण त्यातला प्रश्न मला पाथरीच्या मामांनी विचारला.

मामांचं पाथरीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सुट्टीत तिथे बसलो असताना २०२५ साली अंतराळ स्थानकावर जाऊन आलेल्या शुभांशु शुक्लांचा विषय निघाला. मी म्हणालो, "मामा, तिथे पायलटच लागतो. आम्हा इंजिनीअर लोकांचा नंबर लागत नाही." मामा वाइंडिंगवरून मान न उचलता म्हणाले, "मग वर यान बिघडलं तर पायलट पाना फिरवतो का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं माझंही अगदी चूक नव्हतं. राकेश शर्मा १९६६ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत गेले, पुढे हवाई दलात टेस्ट पायलट झाले. गगनयानसाठी निवडलेले चौघेही एनडीएचे आणि हवाई दलाचेच. १९८५ मध्ये इस्रोच्या दोन इंजिनीअरांची अमेरिकन शटलसाठी निवड झाली होती, पण जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला आणि ते राहूनच गेलं.

पण ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा ज्या सोयूझ टी-११ मधून गेले, त्यात तीन सीट होत्या. कमांडर होते मालिशेव. तिसरे होते फ्लाइट इंजिनीअर गेन्नादी स्ट्रेकालोव्ह. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला आठवत नाही.

स्ट्रेकालोव्ह यांचा जन्म १९४० चा, मॉस्कोजवळच्या मितीश्ची गावातला. वडील महायुद्धात गेले. शाळा संपल्यावर ते कोरोल्योव्ह यांच्या रॉकेट कारखान्यात शिकाऊ तांबट म्हणून लागले. पहिला स्पुटनिक तयार झाला त्याच कारखान्यात. पुढे त्यांनी मॉस्कोच्या बाउमन संस्थेतून १९६५ मध्ये इंजिनीअरिंग पूर्ण केलं आणि कोरोल्योव्ह यांच्याच संस्थेत डिझाइनच्या कामाला परतले. १९७३ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाली, पण पहिलं उड्डाण मिळालं १९८० मध्ये. म्हणजे सात वर्षं वेटिंग! आपण प्लेसमेंटच्या लिस्टसाठी सात दिवस थांबू शकत नाही.

फ्लाइट इंजिनीअरचं काम काय? कमांडर यान चालवतो. इंजिनीअर यानाच्या सगळ्या यंत्रणांवर लक्ष ठेवतो आणि बिघाड झाला तर दुरुस्त करतो. १९८० च्या त्या पहिल्या फेरीत स्ट्रेकालोव्ह आणि त्यांचे साथीदार सॅल्यूत-६ स्थानकाच्या दुरुस्तीसाठीच गेले होते.

एप्रिल १९८३ मध्ये यानाचा रडार अँटेना तुटला आणि स्थानकाला न जोडताच परतावं लागलं. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला उड्डाणाला दीडेक मिनिट उरलेलं असताना रॉकेटखाली आग लागली. केबल जळाल्यामुळे सुटकेची यंत्रणा आपोआप चालली नाही, जमिनीवरून रेडिओने आज्ञा द्यावी लागली. कॅप्सूल वर फेकली गेली आणि काही क्षणांत खाली रॉकेटचा स्फोट झाला. शरीरावर वजनाच्या चौदा-पंधरा पट दाब. कॅप्सूल सुमारे चार किलोमीटरवर उतरली, दोघेही वाचले.

आणि जेमतेम सहा महिन्यांनी हाच माणूस राकेश शर्मांच्या यानात बसला, तेही आजारी पडलेल्या रुकाविश्निकोव्ह यांच्या जागी. भारताने या तिघांनाही अशोक चक्र दिलं. पुढे १९९० आणि १९९५ मध्येही ते मीर स्थानकावर राहून आले. पाच उड्डाणांत मिळून जवळपास २६९ दिवस. २००४ मध्ये त्यांचं निधन झालं.

असो. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये माझा पत्र्याचा ट्रे वाकडा झाला आणि जॉब रिजेक्ट झाला. तेव्हा मी मित्राचा ट्रे स्वतःचा म्हणून सबमिट केला आणि "हे काय कामाचं?" असं वर तोंड करून म्हणालोही. पत्रा ठोकण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाची गोष्ट वाचल्यावर ते मला फार लागलं.

परवा मामांना फोन केला. म्हटलं, "मामा, वर पाना फिरवायला इंजिनीअर असतो. माझंच चुकलं." मामा हसले आणि म्हणाले, "बरं झालं. मग तुला येतो का पाना फिरवायला?"

पुढच्या सुट्टीत दुकानात बसणार आहे, पण गप्पा मारायला नाही. एक मोटार पूर्ण, स्वतःच्या हाताने रिवाइंड करायची आहे.