विश्लेषण : डावा प्रकाश, उजवा प्रकाश… क्युप्रेट सुपरकंडक्टरचे कोडे का सुटेना?

तारेतून वीज वाहताना तिचा काही भाग उष्णतेच्या रूपात वाया जातो. सुपरकंडक्टर, म्हणजे अतिवाहक पदार्थात हा तोटा नसतो. पण त्यासाठी कडाक्याची थंडी लागते. ही अट बरीच सैल केली ती तांबे-ऑक्सिजनच्या थरांच्या ‘क्युप्रेट’ पदार्थांनी. ते असे का वागतात, यावर मात्र आजही एकमत नाही.

क्युप्रेट महत्त्वाचे का?
झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्त्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये पहिला क्युप्रेट अतिवाहक शोधला. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. १९८७ मध्येच यिट्रियम-बेरियमयुक्त क्युप्रेट उणे १८० अंश सेल्सियसच्या आसपास अतिवाहक होते, असे दिसले. म्हणजे थंड करायला उणे १९६ अंशांचा, तुलनेने स्वस्त द्रवरूप नायट्रोजन पुरतो.

आतले इलेक्ट्रॉन दिसतात कसे?
‘आर्पेस’ या तंत्राने. बिस्मथयुक्त क्युप्रेटचा स्फटिक निर्वातात पापुद्र्यासारखा सोलतात. ताज्या पृष्ठभागावर अतिनील प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते कोणत्या कोनात आणि किती ऊर्जेने निघाले, यावरून त्यांच्या आतल्या हालचालींचा नकाशा तयार होतो.

ध्रुवीकृत प्रकाशच का?
प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राचे कंपन एकाच दिशेत ठेवले, तर ठरावीक सममितीच्या कक्षकांतले इलेक्ट्रॉन उठून दिसतात. हेच क्षेत्र मळसूत्रासारखे डावीकडे किंवा उजवीकडे फिरवताही येते. स्फटिकाचे दोन आरशासारखे समान भाग करणाऱ्या प्रतलात डाव्या आणि उजव्या प्रकाशाने सारखेच उत्तर यायला हवे. फरक आला, तर आत एखादी सममिती मोडली आहे, असा अर्थ निघतो.

वाद कशावरून?
अनेक क्युप्रेटमध्ये अतिवाहक होण्याआधीच, जास्त तापमानाला, इलेक्ट्रॉनच्या काही ऊर्जा-अवस्था विरळ होतात. हा ‘स्यूडोगॅप’. भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ चंद्रा वर्मा यांच्या सिद्धान्तानुसार, तेव्हा तांबे आणि ऑक्सिजनच्या अणूंदरम्यान सूक्ष्म प्रवाह गोल फिरतात. काळाची चित्रफीत उलटी फिरवली तर या प्रवाहांची दिशा उलटेल. म्हणजे काळाशी निगडित सममिती मोडलेली असेल.

२००२ मध्ये ॲडम कमिन्स्की, वर्मा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये डाव्या-उजव्या प्रकाशातला असा फरक दिसल्याचे मांडले. २००४ मध्ये सेर्गेई बोरिसेंको यांच्या गटाने शिसे मिसळलेल्या नमुन्यांवर मोजमाप केले. बिस्मथच्या थरांत मुळातच लाटेसारखी वक्रता असते आणि ती निकालात घोळ घालू शकते. शिशाने ती नाहीशी होते. या गटाला तो परिणाम आढळला नाही.

मग पुढे काय?
खरा प्रश्न स्यूडोगॅप ही अतिवाहकतेची पूर्वतयारी की तिची प्रतिस्पर्धी, हा आहे. पूर्वतयारी असेल तर तिला बळ द्यायचे. प्रतिस्पर्धी असेल तर तिला रोखायचे. दोन्ही वाटा उलट दिशांना जातात. घरातल्या तापमानाला चालणारा अतिवाहक आखून-मोजून घडवायचा, तर आधी या प्रश्नाचा निकाल लागायला हवा.