मदत आली, सरकार दुबळेच राहिले

१२ जानेवारी २०१० रोजी ७ तीव्रतेच्या भूकंपाने हैतीची राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त केली. राष्ट्रपती भवनासह बहुतेक मंत्रालये कोसळली. जगाने सढळ हाताने मदत केली. तरीही या देशाचे सरकार सावरले नाही. असे का झाले?

पैसा कुठे गेला?

तातडीच्या मदतीतला एक टक्काही हैती सरकारच्या हाती पडला नाही. बाकीची बहुतेक रक्कम देणाऱ्या देशांच्या यंत्रणा, संयुक्त राष्ट्रे, रेडक्रॉस आणि परदेशी स्वयंसेवी संस्थांमार्फत खर्च झाली. हैतीला ‘एनजीओंचे प्रजासत्ताक’ म्हटले जाते ते उगाच नाही.

दुष्टचक्र

सरकारी भ्रष्टाचाराची देणगीदारांना वाटणारी भीती निराधार नव्हती. पण पैसा नाही म्हणून सरकारी खाती दुबळी आणि खाती दुबळी म्हणून पैसा नाही, असे चक्र सुरू झाले. संस्था जास्त पगार देतात, म्हणून सरकारी परिचारिका आणि अभियंते तिकडे जातात. प्रकल्पाची मुदत संपली की संस्था निघून जाते. निवडून आलेल्या सरकारला निदान मतपेटीतून जाब विचारता येतो. परदेशी संस्थेला तोही विचारता येत नाही.

तांदळाचा धडा

बाहेरून आलेल्या गोष्टीने स्थानिक व्यवस्था मोडल्याचा अनुभव हैतीला आधीही आला होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. १९९५ मध्ये तांदळावरील आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणले गेले. अमेरिकेतला अनुदानित स्वस्त तांदूळ बाजारात आला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातला भातशेतकरी त्यापुढे टिकला नाही. हे धोरण चुकले, अशी कबुली त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये दिली.

सोबतीची वाट

‘झान्मी लासान्ते’ या संस्थेने वेगळी वाट धरली. आरोग्य मंत्रालयाला सोबत घेऊन तिने मिरबाले या गावात ३०० खाटांचे सार्वजनिक रुग्णालय उभारले. २०१३ पासून तिथे रुग्णसेवेबरोबरच हैतीच्याच डॉक्टरांचे प्रशिक्षणही सुरू झाले. २०२५ मध्ये मात्र सशस्त्र टोळ्यांनी मिरबालेवर हल्ला केला आणि या रुग्णालयाला काम थांबवावे लागले.

संस्था रुग्णालय बांधू शकते, डॉक्टर घडवू शकते. गावाचे रक्षण सरकारलाच करावे लागते. म्हणून कोणत्याही मदतीला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ती थांबेल त्या दिवशी हे काम चालवायला तिथले सरकार समर्थ असेल का?