भडक रंग म्हणजे विषच का?

सुट्टीत शिरगावात जमलेली पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात. एक हणजूणच्या खडकांत ओहोटीला दिसलेल्या समुद्री गोगलगायीचा, दुसरा म्हादईच्या रानातल्या मलबारी कर्णा या पक्ष्याचा. लगेच कुणीतरी जाणकार सांगतो, "एवढा भडक रंग? दोन्ही विषारी!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता माझा आवाज चढतो.

गोगलगायीपुरतं त्यात तथ्य आहे. बहुतेक रंगीत जातींचा शंख लहानपणीच गळून पडतो. उघड्या अंगाला दुसरं संरक्षण हवं, म्हणून काही जाती स्पंज खाऊन त्यातली कडू रसायनं कातडीत साठवतात. काही तर जेलीफिशच्या भाऊबंदांना खातात आणि त्यांच्या डंखपेशी न फोडता पाठीवरच्या बोटांसारख्या फुगवट्यांच्या टोकांना नेऊन ठेवतात. रंग म्हणजे माशांना ताकीद. गोगलगायीला स्वतःला तो दिसतही नाही, डोळ्यांना कळतो तो फक्त उजेड-अंधार. जोडीदाराला भुलवायलाही तो नाही. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही.

कर्ण्याचं गणितच वेगळं. काळं डोकं, छातीवर पांढरा पट्टा आणि लालभडक पोट हा थाट नराचा. मादी तपकिरी, पोट फिकट पिवळसर. लाल रंग ही ताकीद असती, तर मादीला ती नको होती का? शिवाय चाहूल लागली की हा पक्षी पाठ फिरवून निश्चल बसतो. तपकिरी पाठ झाडोऱ्यात मिसळते, लाल पोट झाकलं जातं. धमकी द्यायची त्याला कुणी पाठ दाखवतं का, सांगा!

विषारी पक्षी नसतातच, असंही नाही. न्यू गिनीतल्या पिटोहुईच्या कातडीत आणि पिसांत विष असल्याचा शोधनिबंध 1992 साली 'सायन्स'मध्ये आला. ते विष भुंगेऱ्यांतून येत असावं, असं 2004 साली पुढे आलं. म्हणजे तिथंही उसनवारीच. पण त्यावरून आपल्या कर्ण्यावर आळ घ्यायचं कारण नाही.

किरकोळ गैरसमज: समुद्री काकडी ही गोगलगाय नव्हे, ती तारामाशाची नातलग. कर्ण्याची मादी वेगळ्या जातीची नाही. आणि गोगलगाय हाताळायला निर्धोक, हेही सरसकट खरं नाही. निळा ड्रॅगन नावाची समुद्री गोगलगाय माणसालाही डंख करते.

खडकात गोगलगाय दिसली तर पाण्यातच पाहा. बाहेर काढली की तिचा नुसता मऊ गोळा होतो.